निवड झाली तर काय?

पत्राचा सारांश: पत्रलेखिका एकतीस वर्षांच्या आहेत. त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी केली असून खडकाच्या पृष्ठभागाखाली, जेथे उजेड जेमतेम झिरपतो, तेथे तग धरून राहणारे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे वनस्पतींसारखे प्रकाशावर अन्न तयार करणारे जिवाणू, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय आहे. नवव्या वर्षापासून त्यांना अंतराळवीर व्हायचे आहे आणि विज्ञान आपण तिथवर पोहोचण्याचा रस्ता म्हणूनच निवडले, असे त्या लिहितात. गेली चार वर्षे त्या एका वहीत दोन रकाने आखून नोंदी ठेवत आहेत: डावीकडे अंतराळवीर निवडीची अट, उजवीकडे ती पूर्ण झाल्याची खूण. आता त्यांना तीन वर्षांची फेलोशिप मिळाली आहे. त्यात स्वतःचा विषय, स्वतःची छोटी प्रयोगशाळा आणि दोन विद्यार्थी असतील. मात्र ती घेतल्यास वहीत एकही नवी खूण पडणार नाही, असे त्यांना वाटते. म्हणून ती नाकारून एरोस्पेस अभियांत्रिकीची दुसरी पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि कर्ज काढून खासगी वैमानिकाचा परवाना मिळवावा, असा त्यांचा विचार आहे. त्यांचे गाइड याला पोरखेळ म्हणतात. पती म्हणतात, तू ठरवशील ते, पण एकदाचे ठरव. फेलोशिपला उत्तर कळवायला तीन आठवडे उरले आहेत. कोणता मार्ग धरला तर आपली शक्यता वाढेल, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तीन आठवडे हा काही फार वेळ नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर आधी देते. दुसरी पदवी आणि खासगी वैमानिकाचा परवाना यांपैकी कशानेही तुमची शक्यता म्हणण्यासारखी वाढत नाही. नासाच्या निवडीसाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित यांतील पदव्युत्तर पदवी लागते आणि जीवशास्त्र त्यात बसते. त्यानंतर विषयाशी संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो, किंवा त्याऐवजी विमानाची धुरा स्वतःकडे असलेले एक हजार तासांचे उड्डाण लागते, आणि तेही बहुतांश वेगवान जेट विमानांवर. लहान विमानावर मिळवलेला खासगी परवाना या अटीच्या आसपासही जात नाही. युरोपीय अंतराळ संस्थेने २०२१ मध्ये अर्ज मागवले तेव्हा शास्त्रज्ञांसाठीची अट साधारण अशीच होती, आणि जपानने त्याच सुमारास सुरू केलेल्या निवडीत तर पदवीची अटच काढून टाकली होती. तेव्हा तुमच्या वहीतील शिक्षणाची खूण पीएचडीच्या दिवशीच पडली आहे. रिकामी आहे ती अनुभवाची ओळ, आणि ती भरून देणारी फेलोशिप तुम्ही नाकारायला निघाला आहात.

चष्म्याबद्दलही तुम्ही धास्तावून लिहिले आहे. नासाला चष्म्याने किंवा काँटॅक्ट लेन्सने दुरुस्त होणारी दृष्टी चालते, आणि लेसर शस्त्रक्रियाही आता अपात्र ठरवत नाही. ती ओळ वहीतून खोडून टाका.

आता तुमच्या गाइडांच्या शब्दाविषयी. एकतीस वर्षांच्या, चार वर्षे शिस्तीने नोंदी ठेवणाऱ्या संशोधिकेच्या इच्छेला पोरखेळ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. अंतराळात जाणारे शास्त्रज्ञ कोणीतरी असतातच, आणि ते अर्ज करणाऱ्यांमधूनच येतात. मात्र त्या अर्जांचा आकडाही डोळे उघडे ठेवून पाहायला हवा. नासाने २०१७ मध्ये जी तुकडी जाहीर केली तिच्यासाठी अठरा हजार तीनशेहून अधिक अर्ज आले होते आणि निवडले गेले बारा. युरोपात साडेबावीस हजारांहून अधिक अर्जांतून २०२२ मध्ये सतरा जण निवडले गेले, त्यांतले पूर्णवेळ अंतराळवीर फक्त पाच. जपानमध्ये ४,१२७ अर्जांतून दोघे. त्या दोघांपैकी एक शल्यचिकित्सक होती आणि दुसरा जागतिक बँकेत आपत्तीचा धोका कमी करण्याचे काम करत होता. या गर्दीत एक जादा पदवी कोणाच्या नजरेत भरणार नाही. निवड करणारे लोक अटींच्या पलीकडे जाऊन एवढेच पाहतात की या माणसाने हातात घेतलेले काम किती खोलवर केले आहे आणि अडचणीच्या जागी इतरांबरोबर तो कसा वागतो.

तुम्ही पाठवलेल्या वहीच्या पानांवर मला एक अट मात्र कुठेच दिसली नाही, आणि ती सगळ्यांत मोठी आहे. ती नागरिकत्वाची. नासा अमेरिकेच्या नागरिकांनाच घेते आणि युरोपीय संस्था आपल्या सदस्य व सहयोगी देशांच्या नागरिकांना. भारताने गगनयानासाठी निवडलेले चौघेही, म्हणजे प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशु शुक्ला, हवाई दलाचे चाचणी वैमानिक आहेत. यात अन्याय झाला असे मी मानत नाही. सोव्हिएत रशिया, अमेरिका आणि चीन या तिन्ही देशांनी पहिल्या उड्डाणांसाठी लष्करी वैमानिकच घेतले होते. अमेरिकेचे पहिले सात अंतराळवीर १९५९ मध्ये निवडले गेले आणि शास्त्रज्ञांसाठी दार उघडायला तेथेही १९६५ साल उजाडले. आपल्याकडे ते दार याआधी एकदा किलकिले झाले होते. १९८५ मध्ये इस्रोच्या पी. राधाकृष्णन आणि एन. सी. भट यांची अमेरिकेच्या स्पेस शटल या अंतराळयानातून जाण्यासाठी निवड झाली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे शटल नष्ट झाले आणि त्यांचे उड्डाण रद्द झाले. कल्पना चावला यांनी १९८८ मध्ये पीएचडी केली, १९९१ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आणि १९९४ च्या अखेरीस त्यांची निवड झाली. देश बदलणे हा तुमच्या आणि तुमच्या पतीच्या सबंध आयुष्याचा निर्णय आहे. तो घ्यायचा असेल तर उघडपणे, दोघांनी बसून घ्यावा. पदवीच्या आणि परवान्याच्या आड तो लपून राहू देऊ नये.

इथवर मी तुमच्या प्रश्नाला उत्तर दिले. आता त्या प्रश्नाखाली जे गृहीत धरलेले आहे, त्याविषयी बोलते.

विज्ञान हा अंतराळापर्यंतचा रस्ता आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. तुमच्या भोवतीचे सगळे जण तुम्हाला विचारत असतील की निवड झाली नाही तर काय. मी उलट विचारते. निवड झाली तर काय? ज्या दिवशी होकाराचा फोन येईल, त्या दिवशी तुमच्या जिवाणूंचे काय होईल?

केट रुबिन्स यांचे उदाहरण पाहा, कारण त्या तुमच्याच कुळातल्या आहेत. त्या विषाणूंवर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ. २००९ मध्ये निवड झाली तेव्हा त्या चौदा जणांची प्रयोगशाळा चालवत होत्या आणि त्यांचे काम मध्य व पश्चिम आफ्रिकेत आढळणाऱ्या रोगांशी संबंधित होते. निवडीनंतर ती प्रयोगशाळा त्यांनी सोडली. पुढे प्रशिक्षण, रशियन भाषा, जेट विमानातील उड्डाणे, पाण्याच्या प्रचंड टाकीत पोशाख घालून स्पेसवॉकचा सराव, आणि सात वर्षांनी, २०१६ च्या जुलैमध्ये, पहिले उड्डाण. ऑगस्टमध्ये त्यांनी अंतराळस्थानकात तळहातावर मावेल अशा उपकरणाने डीएनएचा क्रम वाचला. अंतराळात असे प्रथमच घडत होते. तेथे द्रवातला बुडबुडा आपोआप वर जात नाही, कारण वर अशी दिशाच नसते. उपकरणाच्या केसाएवढ्या मार्गात एक बुडबुडा अडकला तरी वाचन बिघडू शकते. पिपेट धरण्यात आयुष्य गेलेल्या हातालाच असल्या कामाची नजाकत कळते. पण तो डीएनए त्यांच्या विषाणूंचा नव्हता. उंदराचा, एका जिवाणूचा आणि जिवाणूंवर जगणाऱ्या एका विषाणूचा असे ते नमुने होते, आणि प्रयोगाचा आराखडा पृथ्वीवरील चमूने बांधलेला होता.

हे मी कमीपणा दाखवण्यासाठी सांगत नाही. दुसऱ्याचा प्रयोग आपल्या हातांनी निर्दोष करून देणे हे मोठे काम आहे, आणि ते शास्त्रज्ञाच्या सरावलेल्या हातांनी व्हावे यात फार अर्थ आहे. पण ते वेगळे काम आहे. स्थानकावर शास्त्रज्ञाचा दिवस अनेकांच्या प्रयोगांत, यंत्रांच्या दुरुस्तीत, सामान लावण्यात आणि हाडे व स्नायू झिजू नयेत म्हणून रोज सुमारे दोन तास करायच्या व्यायामात विभागलेला असतो. आज मला हे विचित्र दिसते आहे, तर उद्या याच्याच मागे लागते, असे म्हणण्याची मोकळीक तेथे क्वचितच मिळते. ती मोकळीक तुम्हाला येत्या तीन वर्षांत मिळणार आहे, आणि एखाद्या दिवशी तुम्ही अंतराळवीर झालातच तर तीच सर्वांत आधी हातची जाईल. म्हणून मला तुमचा हिशेब उलटा मांडावासा वाटतो. अंतराळाची वाट पाहण्यात फेलोशिपची तीन वर्षे वाया जातील, असे तुम्ही म्हणता. मला दिसते ते असे की तुमच्या विषयाबरोबर पूर्णपणे राहण्याची हीच वर्षे आहेत.

हॅरिसन श्मिट यांचे नाव तुमच्या पत्रात आदराने आले आहे, आणि ते योग्यच आहे. चंद्रावर चाललेल्या बारा जणांत पेशाने शास्त्रज्ञ असलेले ते एकटेच. १९६५ मध्ये अमेरिकेने पहिल्यांदा जे सहा शास्त्रज्ञ निवडले त्यांपैकी ते एक. त्याआधी ते अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम करत, आणि निवडीनंतर वैमानिक असलेल्या आपल्या सहकाऱ्यांना खडक कसा पाहावा हे शिकवण्यात त्यांनी बराच काळ घालवला. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या दुसऱ्या फेरीत ते शॉर्टी नावाच्या विवराच्या कडेला उभे होते. भोवती सगळी करडी धूळ. स्वतःच्याच बुटांनी उकरल्या गेलेल्या जागी त्यांना नारिंगी माती दिसली. नजरेचा भ्रम नको म्हणून त्यांनी हेल्मेटवरची झडप वर करून पुन्हा पाहिले. रंग तोच होता. मग त्यांनी आणि युजीन सर्नन यांनी तेथे छोटा चर खणला, नमुने घेतले आणि नळी ठोकून खालचा थरही काढला. ती माती म्हणजे साडेतीन अब्ज वर्षांहून जुन्या ज्वालामुखीच्या कारंज्यातून उडालेले काचेचे सूक्ष्म मणी निघाले, आणि २०११ मध्ये त्याच नमुन्यातील स्फटिकांत बंदिस्त राहिलेल्या थेंबांमध्ये पाणी आढळले. तो शोध लावणारे लोक वेगळे होते, आणि चंद्रावर जाऊन आलेले त्यांत कोणी नव्हते.

त्या विवराच्या कडेला उपयोगी पडली ती श्मिट यांची अनपेक्षित रंगापाशी थांबण्याची सवय, आणि ती त्यांना जमिनीवरच्या खडकांत अनेक वर्षे हिंडून लागली होती. ती कुठल्याही रकान्यात बसत नाही. मी स्वतः बरीच वर्षे संशोधन करणाऱ्या मुलामुलींबरोबर काम केले आहे. त्यांतला एक विद्यार्थी परदेशी विद्यापीठात जाण्याच्या ध्यासाने प्रत्येक प्रयोग हा अर्जात कसा दिसेल याच हिशेबाने करायचा. एका सकाळी इनक्युबेटरचे तापमान रात्रीतून घसरल्याचे लक्षात आले. त्याच्या जिवाणू वाढवण्याच्या प्लेटवर नेहमीच्या पांढुरक्या ठिपक्यांशेजारी गुलाबीसर वसाहती उगवल्या होत्या. त्याने त्या खिडकीशी धरून पाहिल्यासुद्धा नाहीत. नोंदवहीत प्रयोग रद्द असे लिहून त्या निर्जंतुक करायला टाकल्या आणि नव्या प्लेटा ओतायला घेतल्या. त्या वसाहतींत काही होते की नव्हते हे आता कोणालाच कळणार नाही. मला तेव्हा वाईट वाटले ते एवढ्याचेच की तो हुशार होता आणि वर्षभरापूर्वी त्याने नक्की पाहिले असते. तुमचे पत्र वाचताना मला ती प्लेट आठवली. चार वर्षे दोन रकाने भरणाऱ्या वहीचा मला धाक वाटतो तो याच कारणाने.

आता वाट पाहण्याविषयी, कारण निवड म्हणजे उड्डाण नव्हे हे तुमच्या पत्रात कुठेच आलेले नाही. नासाने १९६७ मध्ये आणखी अकरा शास्त्रज्ञ निवडले. ते रुजू झाले तेव्हा चांद्रमोहिमांना कात्री लागायला सुरुवात झाली होती आणि त्यांच्यासाठी जागा दिसत नव्हती. त्यांनी स्वतःलाच जादाचे अकरा असे नाव घेतले होते. त्यांतले चौघे उड्डाण न करता बाहेर पडले. उरलेल्या सातांपैकी सर्वांत आधी गेलेल्या दोघांना १९८२ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे थांबावे लागले. खगोलशास्त्रज्ञ कार्ल हेनाइझ १९८५ मध्ये गेले, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९६५ च्या सहांपैकी भौतिकशास्त्रज्ञ कर्ट मिशेल यांनी १९६९ मध्ये राजीनामा दिला आणि ते विद्यापीठात आपल्या संशोधनाकडे परतले. त्यांना कोणी अपयशी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. हातातल्या दोन गोष्टींपैकी आपली कोणती हे त्यांना कळले आणि त्यांनी ती निवडली, इतकेच मला त्यात दिसते. त्याच सहांतले एडवर्ड गिब्सन थांबले. थांबण्याच्या वर्षांत त्यांनी सूर्याच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावरील चौऱ्याऐंशी दिवसांच्या मुक्कामात, २१ जानेवारी १९७४ रोजी, सौरज्वाला उमलत असतानाच तिची नोंद टिपली. ज्वाला केव्हा आणि कुठे उठेल हे कोणी सांगू शकत नाही. पडद्यासमोर बसून, कोणता ठिपका नेहमीपेक्षा वेगळा उजळतो आहे हे ओळखून, क्षणात यंत्र चालू करावे लागे. जो माणूस आठ वर्षे सूर्यच वाचत होता, त्याच्या हातून ते झाले.

तुम्हाला एक नाव विशेषकरून सांगावेसे वाटते ते पेगी व्हिट्सन यांचे. त्या जैवरसायनशास्त्रज्ञ. पीएचडी १९८५ मध्ये झाली, निवड १९९६ मध्ये, आणि मधली सुमारे दहा वर्षे त्या अर्ज करत आणि नकार घेत राहिल्या. पण त्या काळात त्या केवळ अर्जदार नव्हत्या. नासाच्याच केंद्रात जैवरसायनाचे काम करता करता अमेरिकी शटल आणि रशियाचे मीर अंतराळस्थानक यांच्या संयुक्त कार्यक्रमाच्या प्रकल्प शास्त्रज्ञ होण्यापर्यंत त्या पोहोचल्या होत्या. पहिले उड्डाण २००२ मध्ये झाले. आज त्यांच्या नावावर अंतराळातील सहाशे पंचाण्णव दिवस आहेत, आणि २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला ज्या ॲक्सिऑम-४ या खासगी मोहिमेतून अंतराळस्थानकावर गेले, तिच्या कमांडर त्याच होत्या.

त्या मोहिमेकडे तुम्ही एका वेगळ्या कारणासाठी पाहावे असे मला वाटते. शुक्ला यांनी स्थानकावर भारतीय संस्थांनी तयार केलेले सात प्रयोग केले. त्यांत सूक्ष्मशैवाल होते, टार्डिग्रेड नावाचे सूक्ष्म प्राणी होते, बियांचे अंकुरण होते, स्नायूंच्या पेशी होत्या, आणि सायनोबॅक्टेरियासुद्धा होते. युरिया आणि नायट्रेट यांवर ते कसे वाढतात हे पाहिले जात होते. प्रयोग करणारे हात चाचणी वैमानिकाचे होते आणि प्रश्न जीवशास्त्रज्ञांचे. तुमच्या विषयाची माणसे या मोहिमेत जमिनीवर होती, आणि त्यांच्यावाचून ते प्रयोग झालेच नसते. तुमच्या खडकांतल्या जिवाणूंचे जवळचे नातलग, क्रोओकॉक्सिडिऑप्सिस, अंतराळस्थानकाच्या बाहेरच्या अंगाला सुमारे दीड वर्ष उघड्यावर ठेवले गेले आणि परत आणल्यावर त्यांतल्या काही पेशी पुन्हा वाढल्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. म्हणजे तुमचा विषय तुमच्या आधीच तेथे जाऊन आला आहे. एवढ्या जवळच्या विषयाला तुम्ही वहीत खूण न देणारा विषय म्हणता, याचे मला नवल वाटले.

अर्थात, एक शक्यता मी नजरेआड करणार नाही. कदाचित तुम्हाला तुमच्या जिवाणूंविषयी खरोखर ओढ उरलेली नसेल, किंवा ती कधी नव्हतीच. नवव्या वर्षी आकाश आवडले आणि बाकी सारे त्यासाठी पत्करले, असेही असू शकते. तसे असेल तर फेलोशिप घेऊ नका, कारण दोन विद्यार्थी तुमच्या भरवशावर तीन वर्षे घालवणार आहेत आणि मन दुसरीकडे असलेल्या मार्गदर्शकाची किंमत तेच मोजतात. पण मग एरोस्पेसची पदवीही अर्जासाठी घेऊ नका. यानांची रचना, त्यांतील हवा-पाण्याची व्यवस्था, मानवी शरीराची काळजी यांपैकी एखादे काम तुम्हाला रोज सकाळी उठून करावेसे वाटते का, हे पाहा. वाटत असेल तर ती पदवी त्या कामासाठी घ्या, आणि घेण्याआधी ते काम करणाऱ्या दोन-तीन जणांना भेटून त्यांचा साधा, कंटाळवाणा वाटणारा मंगळवार कसा जातो हे विचारा. कर्ज काढून परवाना घेण्याच्या विरोधात मात्र मी ठाम आहे. विमान उडवण्याचा आनंद हवा असेल तर तो पुढे कमाईतून घ्यावा. निवडीच्या आशेवर घेतलेले कर्ज नकाराच्या दिवशी दुप्पट जड होते.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ते तुम्ही बहुधा सहज लिहून गेलात. पावसाळ्यात खडक फोडल्यावर आतली हिरवी रेघ ओली असते आणि तिला वास येतो, असे तुम्ही लिहिले आहे. सबंध पत्रात वासाचा उल्लेख तेवढाच. त्या वाक्यामुळे मला वाटते की ओढ आहे, आणि म्हणून माझा कौल फेलोशिप घेण्याकडे आहे.

ती घेतलीत तर काही गोष्टी तुम्ही आणि तुमच्यासारख्या इतरांनीही कराव्यात. क्षेत्रकार्य टाळू नये. शक्य तितके दुर्गम, थोडे गैरसोयीचे आणि चमूने करायचे काम मागून घ्यावे. जेसिका मेअर २०१३ मध्ये निवडल्या गेल्या, त्याआधी त्यांनी अंटार्क्टिकात बर्फाखाली डुबकी घेऊन एम्परर पेंग्विनांच्या शरीरक्रियेचा अभ्यास केला होता. तो त्यांनी पेंग्विनांसाठी केला, पण थंड, धोक्याच्या जागी सोबत्यांवर जीव सोपवून नेमके काम करण्याचा सराव त्यातच झाला. तुमचे खडकही काही वातानुकूलित खोलीत नाहीत. पोहणे चालू आहे ते चालू ठेवा, आणि जमल्यास स्कूबा शिका. तो छंद म्हणूनही आयुष्यभर पुरतो. प्रयोगशाळेतली यंत्रे बिघडली तर तंत्रज्ञाची वाट पाहण्याआधी त्याच्या शेजारी बसून ती उघडायला शिका. अर्ज निघाला आणि तुम्ही पात्र असलात तर प्रत्येक वेळी तो भरा. मात्र त्यासाठी वर्षातला एक आठवडा राखा, उरलेल्या आठवड्यांत त्याला शिरू देऊ नका. तुमच्या विद्यार्थ्यांनाही पहिल्याच महिन्यात सांगा की तुम्ही असे अर्ज करता. त्यांना ते नंतर कानावर येण्यापेक्षा बरे.

पतींशी बोलताना ठरले का नाही एवढ्यावर थांबू नका. किती वर्षे, कोणत्या देशात, घर कोण चालवणार, मूल हवे असेल तर केव्हा, हे प्रश्न टाळून दिलेला पाठिंबा दोघांनाही पुरत नाही. निवड झालेल्यांना घरापासून महिनोन् महिने दूर, वेगवेगळ्या देशांत प्रशिक्षण घ्यावे लागते. उड्डाण तर त्यानंतर येते. ते म्हणाले, एकदाचे ठरव. त्यामागे थकवा आहे की खरोखर मोकळीक आहे, हे तुम्ही त्यांनाच विचारायला हवे.

गाइडांकडे पुन्हा जा, पण परवानगी मागायला नको. तुमच्या जिवाणूंवर सूक्ष्मगुरुत्वात करून पाहण्याजोगा एक प्रश्न घेऊन जा. खडकात त्यांची वाढ प्रकाशाच्या दिशेने होते की पाण्याच्या, आणि खाली-वर अशी दिशाच नाहीशी झाली तर ती हिरवी रेघ कशी पडेल, असा काही. अंतराळात प्रयोग पाठवायला दर वेळी माणूस जावाच लागतो असेही नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा चौथा टप्पा कक्षेत राहून प्रयोगांसाठी वापरला जातो, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यावर चवळीच्या बियांना अंकुर फुटले होते. बंद डब्यात, माणसाच्या हाताशिवाय, तुमचे जिवाणू किती दिवस जगतील, त्यांना किती पाणी आणि किती उजेड लागेल, हे आधी जमिनीवर मोजावे लागेल, आणि ते मोजायला एक विद्यार्थी आणि साधारण वर्षभर लागेल. तो विद्यार्थी आणि ते वर्ष तुमच्या फेलोशिपमध्ये आहे. होकाराचे पत्र पाठवण्याआधी या प्रयोगाचे एक पान लिहून पाहा. वहीतच लिहा, पण रकाने न आखता.